छातीतली प्रत्येक गाठ क्षयाची नसते

समजा, रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा चाळिशीतला माणूस. दोन महिन्यांपासून कोरडा खोकला. चेहऱ्यावर आणि दंडावर तांबूस, न खाजणाऱ्या पुळ्या. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी लसिका ग्रंथी सुजलेल्या. थुंकीची तपासणी निगेटिव्ह. शिरूर असो की दौंड, अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो योग्यच आहे. जगातील साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. पण संशय म्हणजे निदान नव्हे.

७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेपासून, लक्षणे नसलेल्या जोखमीच्या व्यक्तींचेही एक्स-रे काढण्यावर भर आहे. त्यातून लपलेले रुग्ण सापडतात, ही जमेची बाजू. मात्र एक्स-रे गाठ दाखवतो, तिचे कारण सांगत नाही.

शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या गोष्टीला घेरून बारीक गाठ तयार करतात, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. क्षय, कुष्ठरोग, काही बुरशी यांमुळे ती होते. सारकॉइडोसिसमध्येही होते, पण तिथे जंतू सापडत नाही. लिम्फोमा या कर्करोगातही छातीतल्या ग्रंथी सुजतात.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपचार परस्परविरुद्ध आहेत. सारकॉइडोसिसच्या अनेक रुग्णांना औषध लागतच नाही. लागले तर बहुधा स्टिरॉइड. तेच स्टिरॉइड क्षयाच्या रुग्णाला एकटे दिले, तर आजार पसरू शकतो. उलट, सारकॉइडोसिसला क्षय समजून सहा महिने गोळ्या दिल्या, तर यकृतावर विनाकारण भार पडतो आणि डोळ्यांना किंवा हृदयाला होणारी इजा नजरेआड राहते. या आजारात रक्तातले कॅल्शियम वाढू शकते; म्हणून अशक्तपणासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

अशा रुग्णात त्वचा हा सर्वांत सोपा पुरावा. जागा बधिर करून पुळीचा छोटा तुकडा काही मिनिटांत काढता येतो. तो दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मेलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दुसरी सलाइनमध्ये, क्षयाच्या जंतूंचे कल्चर आणि जनुकीय चाचणीसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. चट्ट्याची संवेदना तपासली, तर कुष्ठरोगाचा माग लागतो. नडगीवरच्या दुखऱ्या लाल गाठींत मात्र ग्रॅन्युलोमा सहसा सापडत नाही. तेव्हा दुर्बिणीतून छातीतल्या ग्रंथीचा नमुना घेण्यासाठी पुण्याला जावे लागू शकते.

रुग्ण अत्यवस्थ असेल, तर औषध थांबवून चालत नाही. एरवी दीर्घ उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा, ‘नमुना तपासला का?’ आणि क्षय निश्चित झाला, तर एकही गोळी चुकवू नका.