बंद पडणे म्हणजे किरकोळ बिघाड नव्हे

कोलाडला कुंडलिकेत राफ्ट उतरतात त्या भिऱ्याकडून पाणी सुटल्यावर. मुळशी धरणाचे पाणी टाटांच्या भिरा केंद्रात वीज तयार करून नदीत येते आणि पुढे डोलवहाळ बंधाऱ्यावरून रोहे तालुक्यातल्या कालव्यांना मिळते. या सगळ्यात किंमत आहे ती पाणी वेळेवर येण्याला. अशा ठिकाणी झडपा, पंप आणि मीटर सांभाळण्याचे काम जगभर आता छोट्या नियंत्रकांकडे जात आहे. जलजीवन मिशननेही गावच्या नळयोजनांवर सेन्सर बसवण्याचा पुरस्कार केला आहे. या उपकरणांच्या सॉफ्टवेअरमधला एक दोष मात्र आपण उगाच हलका धरतो. बाहेरून एक वेडावाकडा संदेश येतो आणि यंत्र जागच्या जागी थिजते. चोरी नाही, ताबा गेला नाही, म्हणून चिंता नाही, असा हा हिशेब आहे आणि तो चुकीचा आहे.

डिसेंबर 2020 मध्ये फोरस्काउट कंपनीच्या संशोधकांनी ‘अ‍ॅम्नेशिया-33’ या नावाने 33 दोष जाहीर केले. ते यूआयपी, पिकोटीसीपी अशा चार फुकट उपलब्ध असलेल्या नेटवर्क-सॉफ्टवेअरमध्ये होते आणि दीडशेहून अधिक उत्पादकांच्या उपकरणांत ते पसरल्याचा त्यांचा अंदाज होता. त्यातले बरेच दोष यंत्र बंद पाडणारे. एक नमुना पाहा. संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात त्याची लांबी लिहिलेली असते आणि प्रोग्राम तेवढे अंतर पुढे सरकतो. लांबीच्या जागी शून्य आले आणि कोणी ते तपासले नाही, तर प्रोग्राम तिथेच गरागरा फिरत राहतो. एका ओळीची तपासणी राहून गेली, एवढाच काय तो गुन्हा!

दोषांना गुण देण्याच्या प्रचलित सीव्हीएसएस पद्धतीत दुरून, पासवर्डशिवाय यंत्र नुसते बंद पाडणाऱ्या दोषाला 10 पैकी 7.5 मिळतात, पूर्ण ताबा देणाऱ्याला 9.8. बँकेच्या संगणकासाठी हा क्रम ठीक आहे. पण पंपाच्या नियंत्रकात गुपित ते काय असणार? त्याचे कामच चालू राहणे. जागेनुसार वजन बदलण्याची सोय त्या पद्धतीत आहे, पण दुरुस्तीची यादी मोठ्या आकड्यापासून सुरू होते आणि हे दोष मागे पडतात.

यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, असे सांगितले जाते. होते, पण तोच संदेश पुन्हा पाठवायला खर्च येत नाही. दुसरा आक्षेप असा की ही उपकरणे इंटरनेटला जोडलेली नसतात. पण देखभालीचा लॅपटॉप आणि कंपनीचे दूरचे कार्यालय जोडलेले असतेच. जून 2017 मध्ये, कोलाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने ठप्प केले, ते मर्स्क समूहाच्या जगभरच्या जाळ्यातून आले होते. तो नियंत्रकातला दोष नव्हता, हे खरे. पण वेगळेपणाच्या भरवशाचे काय होते ते तिथे दिसले.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. ग्रामपंचायतीने सॉफ्टवेअर तपासावे, ही अपेक्षा कोणी करू नये. पण विकणाऱ्याला विचारता येते. उपकरणात कुणाकुणाचे सॉफ्टवेअर आहे याची यादी कशी मागावी, याची मार्गदर्शक सूचना सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेने 2024 मध्येच काढली आहे. राज्याच्या पाणीपुरवठा आणि जलसंपदा विभागांनी ती यादी, दोष दुरुस्तीची मुदत आणि यंत्र थिजल्यास झडप हाताने फिरवण्याची सोय, या तीन अटी प्रत्येक निविदेत घालाव्यात.