उड्डाणापूर्वीच्या दोन घटका

व्यापारी घरात भीतीला सहसा तिच्या खऱ्या नावाने हाक मारली जात नाही. मुंबईहून कोलकात्याला विमान तीन तासांच्या आत पोहोचवते. तरी एखादे ज्येष्ठ व्यापारी तीस तासांचा रेल्वेप्रवास पत्करतात आणि ‘गाडीत हिशेब निवांत पाहून होतो’ असे कारण पुढे करतात. अँटवर्पला दिलेली मुलगी बाळंतपणासाठी आईला बोलावते, आणि नेमके त्याच महिन्यात आईचे गुडघे दुखू लागतात. घरातील सर्वजण हे ओळखून असतात, पण बोलत कोणी नाही. नातवाचे तोंड प्रथम मोबाइलच्या पडद्यावर पाहावे लागते, ही त्या न बोललेल्या भीतीची किंमत होय. ती कोणत्याही वहीत नावे पडत नाही.

१२ जून २०२५ नंतर ही भीती अधिक गडद झाली. अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी केवळ एक वाचला. गुजरातशी सोयरीक नाही असे घर जैन समाजात शोधावे लागेल. त्यामुळे ती बातमी पुष्कळांच्या घरात बातमी म्हणून आली नाही, दुखवटा म्हणून आली. विमानप्रवास इतर वाहनांच्या तुलनेत सुरक्षित आहे, हे विधान आजही खरेच आहे. पण ज्याचे तळहात तिकीट पाहूनच ओले होतात, त्याला ते ऐकवून काही साधत नाही.

अशा प्रवाशाची धास्ती बहुधा विमानात सर्वाधिक नसते. ती वाढत जाते वाट पाहताना. सामान दिले गेले, सुरक्षा तपासणी झाली, आता करण्यासारखे काही उरले नाही आणि उड्डाणाला सव्वा तास आहे, हा तो काळ. शरीर संकटाला तोंड देण्यासाठी सज्ज होते, हृदय जलद चालते, श्वास उथळ होतो. प्रत्यक्षात संकट समोर नसतेच, त्यामुळे ती सज्जता खर्चही होत नाही. वैमानिक, हवामान किंवा विमानाची बनावट यांपैकी काहीही प्रवाशाच्या हाती नसते. हा सव्वा तास कोठे बसून काढायचा, एवढी एकच निवड त्याच्या हाती उरते. म्हणून लाउंजचा विचार तेथील मिष्टान्नांच्या दृष्टीने न करता या एका तासाच्या दृष्टीने करणे शहाणपणाचे ठरते.

आधी ‘मोफत’ या शब्दाचा हिशेब. लाउंजच्या दारात कार्ड यंत्राला लावले की खात्यातून २ रुपयांसारखी नाममात्र रक्कम जाते आणि प्रवासी समाधानाने आत शिरतो. उरलेले पैसे बँक लाउंजचालकाला देते. ती ते कार्डाच्या वार्षिक शुल्कातून, व्याजातून आणि दुकानदाराकडून वसूल होणाऱ्या शुल्कातून उभे करते. दुकानात ग्राहकाने क्रेडिट कार्ड वापरले की विक्रीच्या रकमेतून जो अंश कापून घेतला जातो, तोच हा. म्हणजे लाउंजमधील कॉफीचे पैसे व्यापाऱ्याने आपल्या गल्ल्यावरच आगाऊ भरलेले असतात. गेल्या काही वर्षांत अनेक बँकांनी या सवलतीला अटी जोडल्या आहेत: आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च कार्डावर झाला असेल तरच पुढच्या तिमाहीत एक किंवा दोन प्रवेश. केवळ लाउंजसाठी कार्डावरचा खर्च फुगवणे म्हणजे बँकेने आवळा देऊन कोहळा काढण्यासारखे आहे.

घाबरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने या अटींचे महत्त्व वेगळे आहे. आधीच बिथरलेल्या मनाला दारावरचा नकार सोसत नाही. कार्ड मुलाच्या नावाचे, बोर्डिंग पास आईच्या नावाचा. अशा वेळी प्रवेश मिळत नाही आणि रांगेत उभ्या असलेल्या दहा माणसांसमोर आईला परत फिरावे लागते. परदेशी विमानतळावर सोबतच्या पाहुण्याचे शुल्क डॉलरमध्ये लागते, त्यावर कर आणि चलनबदलाचे साधारण २ ते ३.५ टक्के वेगळे. तेव्हा निघण्यापूर्वी आठवडाभर आधी बँकेच्या अॅपमध्ये तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात: या तिमाहीचा प्रवेश शिल्लक आहे का, तो कोणाच्या नावावर आहे, आणि आपल्या टर्मिनलमधील कोणते लाउंज त्या यादीत आहे. टर्मिनलची चूक फार होते. मुंबईत सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ यांत रस्त्याने बरेच अंतर आहे आणि एकातील लाउंज दुसऱ्यातील प्रवाशाच्या काहीच कामाचे नाही.

आता प्रत्यक्ष जागा. कार्डे वाढली तशी लाउंजे भरली, आणि सकाळी सहा ते नऊ या वेळेत काही ठिकाणी बाहेरच्या खुर्च्यांवर आतल्यापेक्षा अधिक शांतता असते. हे पाहूनही केवळ ‘हक्क आहे’ म्हणून आत शिरून बशा हातात घेऊन उभे राहणारे लोक असतात. धास्ती असलेल्या माणसाने दारातून एकदा नजर टाकावी. बसायला पाठीशी भिंत असलेली खुर्ची आहे का? दूरचित्रवाणीवर बातम्या चालू आहेत का? बार बसण्याच्या जागेतच आहे की एका बाजूला? ही उत्तरे प्रतिकूल असतील तर मागे फिरण्यात कमीपणा नाही. बातम्यांचा पडदा सर्वांत वाईट; विमानाविषयी काही घडले असेल तर तेच दृश्य तेथे दिवसभर फिरत असते.

लाउंजपासून गेटचे अंतर आधी एकदा चालून पाहावे. मोठ्या टर्मिनलमध्ये ते दहा-पंधरा मिनिटांचे असू शकते, आणि देशांतर्गत विमानाचे गेट साधारणपणे सुटण्याच्या २५ मिनिटे आधी बंद होते. अंतर पायाखालून गेले की ते मनात वाढत नाही. मुंबईच्या विमानतळावर नोव्हेंबर २०१५ पासून विमानात बसण्याच्या सरसकट घोषणा होत नाहीत. प्रवाशाने पडद्यावर पाहायचे असते. ही शांतता धास्तावलेल्या माणसाला वरदान आहे, पण ‘पुकारा झाला आणि ऐकू आला नाही तर’ ही नवी चिंता तीच निर्माण करते. घड्याळाचा गजर लावून ठेवला की दर दोन मिनिटांनी पडद्याकडे मान वळवण्याचे श्रम वाचतात. ज्येष्ठांनी चाकांच्या खुर्चीची सोय घेतली असेल तर मदतनीस त्यांना बहुधा थेट गेटवर नेऊन बसवतो. लाउंजमध्ये थांबायचे असल्यास त्याला आधीच सांगून परत येण्याची वेळ ठरवून घ्यावी.

खिडकीबद्दल माणसामाणसात फरक असतो. काहींना धावपट्टी पाहिली की पोटात गोळा येतो. त्यांनी तिच्याकडे पाठ करून बसावे आणि त्याबद्दल कोणाला काही सांगू नये. पण पुष्कळांना उलटाच अनुभव येतो. मुंबईत गर्दीच्या वेळी धावपट्टीवर तासाला चाळीसहून अधिक विमाने ये-जा करतात. म्हणजे ४८ मिनिटांत, एका सामायिकाच्या अवधीत, तीसहून अधिक विमाने डोळ्यांसमोर चढतात आणि उतरतात, आणि त्यांत काहीही घडत नाही. सुरक्षिततेची टक्केवारी कानांनी ऐकण्यापेक्षा ही तीस विमाने पाहणे अधिक उपयोगी. त्याच वेळी जाणत्या सोबत्याने दोन-तीन आवाजांची ओळख करून द्यावी. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात, निघण्यापूर्वी, पायाखालून करवत चालल्यासारखा किंवा कुत्रे भुंकल्यासारखा आवाज येतो. ती द्रवदाबाची एक यंत्रणा आपले काम करत असते. उड्डाणानंतर थोड्या उंचीवर इंजिनांचा जोर ठरवून कमी केला जातो आणि विमान खाली बसल्याचा भास होतो. हे आधी कळले असेल तर त्या क्षणी आसनाचा हात घट्ट धरावा लागत नाही, किंवा थोडा कमी घट्ट धरावा लागतो.

श्वासाविषयी आधुनिक वैद्यक जे सांगते ते जैन घराला परके नाही. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले की नाडी मंदावते. दिगंबर परंपरेत कायोत्सर्गात २७ श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणण्याची रीत आहे. श्वेतांबर परंपरेतही कायोत्सर्गाचे माप श्वासोच्छ्वासांचेच, एका नवकाराला आठ. मिनिटाला सहा श्वास धरले तर २७ श्वासांना साडेचार मिनिटे लागतात. हातात माळ नको, डोळे मिटायला नकोत, शेजाऱ्याला कळतही नाही. लाउंजच्या दिव्यांखाली विधिपूर्वक सामायिक घ्यावे की नाही, आणि मध्येच बोर्डिंगची वेळ झाली तर काय, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. कायोत्सर्गाचा मूळ हेतू धडधड थांबवणे हा नव्हे, हेही खरे. पण देहावरची पकड सैल करण्याचा अभ्यास ज्याला घरी आहे, त्याला तो विमानतळावर विसरण्याचे कारण नाही.

चहा-कॉफीचा मोह मात्र आवरावा. धास्तावलेला माणूस हाताला काम म्हणून कपामागून कप घेतो आणि नंतरची थरथर भीतीची समजतो. पिण्यासाठी उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांना रिकामा थर्मास सुरक्षा तपासणीतून नेता येतो. घरून भरून नेण्याचा प्रश्न उरत नाही, आणि लाउंजमधील माणसाला विचारले तर गरम पाणी मिळते. ते उकळलेलेच आहे का, हेही त्यालाच विचारावे. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत, एवढे सांगून हा विषय सोडलेला बरा.

लाउंज न मिळाल्यास काही बिघडत नाही, हे सांगणे आवश्यक आहे. कारण काही विमानतळांवर उत्तम जागा लाउंजच्या बाहेरच आहेत. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये ‘जय हे’ हा कलासंग्रह सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या भिंतीवर मांडलेला आहे. भीतीने बसवत नसेल त्याने त्याच्या कडेने चालावे. चालणे हाही उपायच आहे. बेंगळुरूचे टर्मिनल २ बागेच्या कल्पनेवर उभारले असून छतापासून वेली-रोपे लोंबत असतात. दोहा येथे विमान बदलणाऱ्यांना टर्मिनलच्या आतच झाडांची मोठी बाग भेटते, सिंगापूरच्या टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांचे उद्यान आहे. यांतील कशालाही कार्ड लागत नाही.

राहिला भोजनाचा प्रश्न, आणि तो जैन प्रवाशाच्या शांततेशी थेट जोडलेला आहे. जेथे सामिष पदार्थांच्या शेजारीच शाकाहारी भांडी मांडलेली असतात आणि पळ्यांची अदलाबदल होते, तेथे काटेकोर पाळणाऱ्या माणसाचे मन आणखी अस्वस्थ होते. पोह्यांत कांदा, उपम्यात कांदा, सँडविचमध्ये बटाटा. विचारत फिरण्यापेक्षा डब्यातला खाकरा आणि भाजलेले मखाणे बरे. विमानातील जैन भोजन मात्र तिकिटासोबतच, किमान एक दिवस आधी, नोंदवून ठेवावे.

वेळेचे गणित तर घरीच करून निघावे. बहुतेक लाउंजांत विमानाच्या तीन तासांपेक्षा आधी प्रवेश देत नाहीत. नवकारशी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत काही घ्यायचे नसते, म्हणून पहाटेच्या विमानासाठी लाउंजची न्याहरी व्यर्थच. चौविहार करणाऱ्याचे संध्याकाळचे विमान रात्री आठला असेल तर मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला आत शिरून तासाभरात जेवण उरकते. विमान साडेनऊचे असेल तर प्रवेशच साडेसहाला, म्हणजे सूर्यास्तानंतर. सम्मेदशिखरजीची यात्रा करून रांचीहून परतणाऱ्यांचा येथे घोटाळा होतो. तेथे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो, आणि आठच्या विमानाचा प्रवासी पाचला लाउंजच्या दारात पोहोचतो तेव्हा जेवणाची वेळ संपलेली असते. अशा दिवशी मधुबनच्या भोजनशाळेतून निघतानाच डबा बांधून घ्यावा, आणि विमानतळाच्या वाटेवर गाडी साडेचारला एखाद्या झाडाखाली थांबवावी.