वहीतला अर्धा कोयता



या अंकासाठी आलेल्या कथांमध्ये वस्तीतली, फडावरची, बाजारातली बाई नायिका आहे हे पाहून आधी बरं वाटलं. वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की यातल्या बहुतेक जणी शेवटच्या पानावर मरतात. उरलेल्यांना कोणी शिकलेली ताई येऊन सोडवते. मधल्या पानांत त्या कधी हसत नाहीत, शेजारणीशी भांडत नाहीत, पैशाचा हिशोब करत नाहीत. अशी बाई आपण कोणी पाहिली आहे का?

पण लेखिकांना बोल लावताना आपले अहवालही तपासायला हवेत. ऊसतोडीचंच घ्या. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल नवऱ्याच्या हाती पडते, बाईच्या नावाची वेगळी ओळ नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण सहा जणींत एक. आकडा हवाच, त्याशिवाय सरकार आपलं ऐकून घेत नाही. पण त्यानंतर जे लिहिलं गेलं त्यात बरेचदा बाई उरलीच नाही, नुसती काढलेली पिशवी उरली. अंधारात उठून भाकऱ्या कोण थापतं, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत कोण नेतं, खाडा पडला की पैसे कापतात म्हणून दुखणं किती दिवस अंगावर काढलं, डॉक्टरने 'पिशवी खराब झाली' म्हटल्यावर तिने कोणता हिशोब मांडून होकार दिला, हे तिलाच विचारावं लागतं. एका दुपारी प्रश्नावली भरून ते हाती लागत नाही. (आणि तीही आपण तिच्या झोपेतूनच घेतलेली दुपार असते.)

बेबीताई कांबळे दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत होत्या. 'जिणं आमुचं' त्यातून आलं. त्यात त्यांनी सवर्णांना सोडलं नाही, आपल्या माणसांनाही नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे तर संशोधनच आहे, आणि आंबेडकरी चळवळीतल्या बाया त्यात नावानिशी उभ्या आहेत. नाव छापल्याने जिचं नुकसान होईल तिचं अर्थातच छापू नये. पण ते तिला विचारून ठरवावं.

न विचारता ठरवण्याची सवय चळवळीलाही आहे. २००५ मध्ये राज्यात डान्सबारबंदी आली तेव्हा आपल्यातच दोन तट पडले होते. तेव्हा एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आणि काही कार्यकर्त्या बारमध्ये नाचणाऱ्या बायांशी जाऊन बोलल्या. आपल्यापैकी अनेकींनी बाजू घेतली होती ती त्याआधीच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी अमान्य केली.

या वेळी आम्ही काही कथा परत पाठवल्या आहेत, कारणं पत्रात लिहिली आहेत. राग आला तर जरूर कळवा. अभ्यास पाठवणाऱ्यांना विनंती अशी, की ज्या बायांकडून माहिती घेतली त्यांना तो आधी मराठीत वाचून दाखवा, आणि त्या काय म्हणाल्या तेही सोबत जोडा. त्यांनी काही खोडायला लावलं असेल तर खोडलेला कागद तसाच पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी आठ पानं राखून ठेवली आहेत.