फाटक्या साडीतली बातमी

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकात एक प्रसंग आहे. दिल्लीतला पत्रकार जयसिंग जाधव याने बाजारातून अडीचशे रुपयांना विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभे करायचे ठरवले आहे. पण तिने आहे त्याच फाटक्या साडीत तिथे आले पाहिजे, असा त्याचा हट्ट. धड नेसलेली बाई पुरावा म्हणून कमी पडते ना!

नाटकामागे सत्यघटना होती. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’चे अश्विनी सरीन यांनी २३०० रुपयांना एक स्त्री विकत घेऊन माणसांचा बाजार चव्हाट्यावर आणला. ते धाडसाचेच काम होते. तेंडुलकरांनी त्यावरून स्वतःचा जयसिंग घडवला आणि वेगळाच प्रश्न विचारला: बातमी खरी असली, म्हणजे ज्याची बातमी त्याला कसेही वागवावे काय?

मला त्या नाटकात जवळचे वाटतात ते काकासाहेब, सरिताचे काका. लहान गावात मराठी वृत्तपत्र चालवणारे, दिल्लीकरांना जुनाट वाटणारे. ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांच्या भाषेत लिहा, हा त्यांचा आग्रह. त्यात मोठे शहाणपण आहे. कमला जयसिंगचे इंग्रजी कधीच वाचणार नाही. अंबड-भोकरदनच्या वार्ताहराला मात्र बातमीतला माणूस पुढच्या आठवडी बाजारात भेटतो. अर्थात याच ओळखीपाळखीपायी कित्येक बातम्या दडपल्याही जातात, हेही आपण पाहतोच.

पण ही जवळीकही आता पुरेनाशी झाली आहे. मी बँकेत होतो. खातेदाराची थकबाकी शेजाऱ्यालाही कळता कामा नये, हा आमच्या नोकरीतला पहिला धडा. तोच शेतकरी गळफास घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कर्जाचा आकडा, मुलांची नावे आणि ओट्यावर आडवी झालेली बायको, सगळे चारचौघांत येते. छायाचित्राशिवाय सरकार हलत नाही, असे पत्रकार मित्र सांगतात. असेलही. मग कापसाला काय भाव मिळाला, पीककर्ज का अडले, सावकाराने किती व्याज लावले, हे त्या छायाचित्राखाली का नसते? ते शोधायला चार दिवस लागतात. रडणारी बाई चार मिनिटांत टिपता येते.

२०२३च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि राज्यभरचे कॅमेरे आमच्या जिल्ह्यात उतरले. ते यायलाच हवे होते. मार खाल्लेल्यांचे ऐकायला दुसरे कोण होते? पण गर्दीत रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडापुढे माइक धरण्याआधी ‘आजी, दाखवू का तुम्हाला?’ एवढे विचारायला किती वेळ लागतो? आणि ती नको म्हणाली, तर कॅमेरा खाली घ्यावा.