धावपट्टीवरचा खडा

रायपूरच्या गुढियारीतल्या मराठी घरांना गोंदिया परकं नाही. तिथल्या बिरसी विमानतळावर मुलं वैमानिक व्हायला शिकतात. पालकांना धास्ती आकाशाची. मला जमिनीची जास्त वाटते. २०१४ मध्ये सुरतेत विमानाने म्हैस उडवली, २०१५ मध्ये जबलपूरला रानडुकरं आडवी आली. ती मोठी विमानं, माणसं वाचली. शिकाऊ विमानाचा पंखा जमिनीपासून वीत-दीड वीत वर फिरतो. सुटा खडाही त्याच्या पात्याला खाच पाडतो. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, मग काटा चुकीचा वेग दाखवतो. म्हणून उड्डाणाआधीची विमानाभोवतीची पायी फेरी कुणीही उरकून टाकू नये. आणि कुंपण, झाडलोट यांच्या खर्चाला लहान विमानतळांनी मुळीच कात्री लावू नये.