‘आपला सिनेमा आहे, बघा’ एवढे पुरेसे नाही

एप्रिल २०२५ मध्ये ‘फुले’ आला, ऑगस्टमध्ये ‘धडक २’, सप्टेंबरमध्ये ‘होमबाउंड’. चौथा ‘संतोष’, जो थिएटरपर्यंत पोहोचलाच नाही. चारही चित्रपटांच्या पोटात जात आहे, आणि चारही वेळा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, फेसबुकवर, विहारात रविवारच्या वंदनेनंतर रेंगाळणाऱ्या घोळक्यात एकच वाक्य फिरले : ‘आपला सिनेमा आहे, सर्वांनी अवश्य बघा. जयभीम.’ खाली वीस-पंचवीस निळे बदाम. आणि त्या बदामांच्या मधोमध कुणीतरी हमखास विचारलेले : ‘लिंक आहे का?’

या वाक्यामागच्या भावनेची टिंगल करायची नाही. पडद्यावर स्वतःला पाहण्यासाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, त्यांना बाबासाहेबांची तसबीर एका फ्रेममध्ये दिसली तरी भरून येते. ‘झुंड’मध्ये भीमजयंतीची मिरवणूक आली आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभा राहिला, तेव्हा थिएटरात शिट्ट्या वाजल्या, लोक उभे राहिले. ते खरे होते. पण शिफारस करणे हे वेगळे काम आहे, आणि ते आपण नीट करत नाही, असे आम्हाला वाटते. त्याची किंमत या चित्रपटांनाच मोजावी लागते.

आधी वेळेचे बोलू. मल्टिप्लेक्सचा हिशेब साधा आणि निर्दय असतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत खुर्च्या किती भरल्या त्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. मोठ्या बॅनरचा चित्रपट असेल तर तो थोडा काळ तग धरतो. लहान चित्रपटाला सकाळी दहाचा किंवा रात्री साडेदहाचा खेळ मिळतो, सोमवारी त्यातलाही एक जातो आणि गुरुवारी फलक उतरतो. आपली शिफारस साधारण याच गुरुवारी पोहोचते. ‘होमबाउंड’ २६ सप्टेंबरला मोजक्या पडद्यांवर लागला. मे महिन्यात कान महोत्सवात त्याचे कौतुक झाले होते, मार्टिन स्कॉर्सेसीसारखा दिग्दर्शक कार्यकारी निर्माता म्हणून मागे उभा होता, ऑस्करसाठी भारताने त्यालाच पाठवले. तरी आपल्याकडे त्याच्यावर खरे बोलणे सुरू झाले ते २१ नोव्हेंबरला तो नेटफ्लिक्सवर आल्यावर. तोवर थिएटरातला खेळ कधीच संपला होता. ‘असे चित्रपट चालत नाहीत’ हा शेरा मात्र व्यवसायाच्या वहीत नोंदला गेला, आणि पुढच्या नीरज घायवानला निर्मात्यासमोर बसताना हीच वही उघडून दाखवली जाणार आहे.

‘झुंड’चेही असेच झाले, फक्त तिथे समोरून ढकलणाराही होता. ४ मार्च २०२२ ला ‘झुंड’ लागला, ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’. दुसऱ्या चित्रपटाला एकामागून एक राज्यांनी करमाफी दिली, नेत्यांनी जाहीर शिफारशी केल्या, कार्यकर्त्यांनी अख्खी थिएटरे आरक्षित करून लोकांना नेले. ‘झुंड’च्या निर्मात्यांपैकी सविता राज हिरेमठ यांनी तेव्हा जाहीरपणे विचारले होते, की आमच्या चित्रपटाला करमाफी का नाही? प्रश्न रास्तच होता. पण त्याच आठवड्यात आपण काय केले, हाही प्रश्न रास्त आहे. १४ एप्रिलला एका रात्रीत डीजे, कमान आणि फ्लेक्सची वर्गणी उभी करणारी आपली मंडळे आहेत. त्यांतल्या किती मंडळांनी शनिवारच्या एका खेळाची दीडशे तिकिटे एकत्र काढली?

वेळेइतकाच मजकुराचा प्रश्न आहे. ‘आपला आहे, बघा’ यातून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. ‘फुले’चे उदाहरण घ्या. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द काढायला लावले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख ‘कित्येक वर्षांची’ असा मऊ करून घेतला. ज्या माणसाने शूद्रातिशूद्र हा शब्द नावानिशी उच्चारला, त्याच्यावरच्या चित्रपटात जातींची नावे नकोत! यावर आपण निषेध केला, आणि केलाच पाहिजे होता. पण निषेधाच्या भरात चित्रपट कसा आहे हे सांगायचे राहून गेले. आमचे मत असे, की पत्रलेखा यांची सावित्रीमाई लक्षात राहते, प्रतीक गांधींचा जोतीराव प्रामाणिक आहे, पण पटकथा प्रसंगांच्या यादीसारखी पुढे सरकते आणि अनेक ठिकाणी पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी प्रेक्षकांना व्याख्यान देतात. शाळेतल्या मुलामुलींना जरूर दाखवावा. ज्याने जोतीराव वाचले आहेत त्याला मात्र फार नवे काही मिळणार नाही. एवढे स्पष्ट सांगितले तर काय बिघडते? ‘सेन्सॉरने छळले’ आणि ‘चित्रपट उत्तम आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले खरे आहे म्हणून दुसरे आपोआप खरे होत नाही.

(जाता जाता : आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला, तेव्हा त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. सिनेमा म्हणजे वेळ घालवणे, असे मानणाऱ्या आपल्यातल्या काही ज्येष्ठांना हे सांगितलेले बरे.)

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते आपण भाषणांत नेहमी ऐकतो : ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. धम्माच्या गुणांत ‘एहिपस्सिको’ हा एक गुण आहे. ये आणि पाहा. हे निमंत्रण आहे, हुकूम नाही, आणि पाहणाऱ्याच्या बुद्धीवर त्यात विश्वास आहे. आपल्या सिनेमाच्या शिफारशी मात्र हुकमासारख्या झाल्या आहेत. ‘धडक २’ आवडला नाही असे कुणी लिहिले की लगेच त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते.

‘धडक २’बद्दल खरे तर भरपूर बोलण्यासारखे होते. हा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने मूळ चित्रपट काढला होता. पहिल्या ‘धडक’ने ‘सैराट’ घेतला आणि त्यातली जातच पुसट करून टाकली, हा डाग ताजा होता. त्या तुलनेत दिग्दर्शिका शाझिया इक्बाल यांनी जात समोर ठेवली, सेन्सॉरच्या सोळा बदलांनंतरही ती समोर राहिली. हे श्रेय द्यायलाच हवे. पण नायक दलित दाखवायचा म्हणून नटाचा चेहरा रंगवून काळवंडवायचा, ही खोड कुठून आली? नाटक-सिनेमात काम करणारी आपली इतकी मुले आहेत. त्यांतले कुणी सापडले नाही? हा आक्षेप काही तरुणांनी मांडला तेव्हा ‘निदान विषय तरी आला ना’ म्हणून त्यांना गप्प केले गेले. ‘निदान’ या शब्दावर आपण फार दिवस काढले.

आता ‘होमबाउंड’. या चित्रपटावर आमच्यातच दोन तट आहेत, आणि ते असणे आम्हाला चांगले वाटते. उत्तर भारतातल्या एका खेड्यातले दोन मित्र, चंदन दलित आणि शोएब मुसलमान. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण वर्दी घातली की कुणी नाव विचारणार नाही असे त्यांना वाटते. चंदन अर्ज भरताना राखीव जागेचा रकाना सोडून देतो आणि सर्वसाधारण वर्गात अर्ज करतो. सवलत हवी असते, पण ती घेतल्यावर उमटणारी नजर नको असते.

हा रकाना महाराष्ट्रातल्या बौद्धांना कुणी समजावून सांगायला नको. धर्मांतर १९५६ चे, आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध आले ते १९९० च्या कायदादुरुस्तीने. मधल्या चौतीस वर्षांत किती घरांत मनात बुद्ध आणि दाखल्यावर हिंदू महार असा दुहेरी संसार चालला, ते त्या घरांना माहीत. आजही भाड्याचे घर शोधताना, नव्या कार्यालयात पहिल्या दिवशी, आडनाव सांगण्याआधीचा तो अर्धा श्वास आपल्याला ठाऊक आहे. घायवान स्वतः आपली दलित ओळख उघडपणे सांगणारे दिग्दर्शक आहेत, त्यामुळे तो अर्धा श्वास पडद्यावर नेमका आला आहे. चंदनच्या आईचे शाळेतल्या स्वयंपाकाचे काम, तिच्या हातचे नको म्हणणारे पालक, आणि घरातल्या एकाच मुलाला शिकवायचे ठरल्यावर मागे राहिलेली बहीण. या बहिणीच्या वाट्याला फारच कमी वेळ आला आहे, पण तिचे बोलणे सर्वांत जास्त टोचते. आपल्या घरांतल्या बायकांनी तिच्याबद्दल लिहावे, असे आम्हाला फार वाटते. अजून तरी पुरुषच लिहीत आहेत.

दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की पुन्हा एकदा दलिताचे दुःखच का? मार खाणारा, मरणारा, रडवणारा दलित सवर्ण प्रेक्षकाला चालतो. हसणारा, जिंकणारा, चुकणारा, प्रेमात पडणारा चालत नाही. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. पण याच घायवानांनी ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या भागात (२०२३) पल्लवी मेनके ही शिकलेली, ताठ मानेची नायिका उभी केली आणि तिचे लग्न बौद्ध पद्धतीने लावले. ती क्लिप आपल्याकडे लाखमोलाची म्हणून फिरली. अख्खा भाग पाहिलेली माणसे मात्र आम्हाला कमीच भेटली. त्या लग्नाआधी पल्लवीला होणाऱ्या नवऱ्याशी, त्याच्या चांगल्या म्हणवणाऱ्या घराशी जी झुंज घ्यावी लागते, ती क्लिपमध्ये नाही. त्या झुंजीशिवाय ते लग्न म्हणजे नुसता एक सुंदर अल्बम.

मतांची ताकद कुठवर जाते, हे आपण २०२१ मध्ये पाहिले आहे. सूर्याचा ‘जय भीम’ २ नोव्हेंबरला ॲमेझॉन प्राइमवर आला आणि काही दिवसांत आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या गुणांत तो ‘द शॉशँक रिडेम्प्शन’च्याही वर गेला. त्यात आपला वाटा मोठा होता. मात्र गुण देणाऱ्यांपैकी अनेकांना तो न्यायमूर्ती के. चंद्रू यांनी वकील असताना १९९३ साली लढलेल्या खऱ्या खटल्यावर आहे, त्यातली माणसे इरुळर या आदिवासी जमातीची आहेत, हे ठाऊक नव्हते. नाव बघून दहापैकी दहा दिले. आम्हाला विचाराल तर तो आठाचा चित्रपट आहे. कोठडीतली दृश्ये विसरता येत नाहीत, पण सेंगेनीची लढाई हळूहळू वकिलाची होत जाते. दहाच्या गठ्ठ्यापेक्षा असा एक आठ पुढच्या प्रेक्षकाच्या जास्त उपयोगी पडतो.

‘लिंक’बद्दलही बोलले पाहिजे. चोरून उतरवलेला चित्रपट पाहण्याने मोठ्या बॅनरचे फार बिघडत नाही, लहान दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट बुडतो. आपला म्हणायचे आणि आपल्याच माणसाचे तिकीट बुडवायचे, हे जमणार नाही. ‘संतोष’ची गोष्ट निराळी. संध्या सुरी यांचा हा चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला. दलित मुलीचा खून, तपास करणारी नवी शिपाई बाई आणि पोलिसी मारहाण असा त्याचा विषय. सेन्सॉर मंडळाने इतके बदल सांगितले की निर्मात्यांना ते मान्य करता आले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओटीटीवर येणार होता, तेही थांबले. ज्या चित्रपटात आपल्या मुलीचा खून आहे, तो बरा की वाईट हे ठरवण्याचा हक्कच आपल्याला मिळालेला नाही. त्याची लिंक मागण्यापेक्षा तो दाखवा अशी मागणी खासदारांकडे, सेन्सॉर मंडळाकडे लेखी जायला हवी. एकाही मोठ्या संघटनेने हा विषय लावून धरल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता आमच्या शिफारशी, कारणांसह. ‘धडक २’ पाहणार असाल तर आधी ‘परियेरुम पेरुमाळ’ पाहा. उपशीर्षकांचा कंटाळा करू नका, करुप्पी नावाची कुत्री तुम्हाला पहिल्या काही मिनिटांतच बांधून ठेवील. ‘तंगलान’ (२०२४) बुद्धमूर्तीसाठी बघायचा असेल तर बघा, पण मधला तासभर गोंधळाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ‘फँड्री’ पाहिलेल्यांनीही पुन्हा पाहावा; डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचे कुटुंब महापुरुषांची चित्रे काढलेल्या शाळेच्या भिंतीवरून जाते, ते दृश्य नव्या पिढीसोबत बसून बघण्याचे आहे. ‘होमबाउंड’ घरच्यांसोबत पाहा, एकट्याने नको. आणि विहारात एकच काही दाखवायचे असेल तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) : ११ जुलै १९९७ चा रमाबाई आंबेडकर नगरातला गोळीबार, विलास घोगरे आणि पुढच्या चौदा वर्षांचे चित्रण. माहितीपट लांब आहे, म्हणून मध्ये चहाची सुट्टी ठेवा. संपल्यावर लगेच दिवे लावून खुर्च्या आवरायला घेऊ नका; बोलायला अर्धा तास हाताशी असू द्या, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या ज्यांचा १९९७ साली जन्मही झाला नव्हता.