दोष आकड्याचा की हुकमाचा? एरियान-५ च्या अपघाताविषयी

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाने पहिले उड्डाण केले. सुमारे चाळीस सेकंदांत, ३,७०० मीटरच्या आसपास, तो मार्ग सोडून वळला आणि फुटला. त्याच्यासह चार क्लस्टर उपग्रह गेले. ही कथा सहसा एका वाक्यात संपवली जाते: मोठा आकडा लहान जागेत मावला नाही. वाक्य खरे आहे. पण इतिहास म्हणून ते दिशाभूल करते, असे माझे मत आहे.

अग्निबाणाची स्थिती व गती सांगणारी दोन जडत्वीय यंत्रे होती, एक चालू आणि एक राखीव. दोन्ही हुबेहूब सारखी, प्रणालीसकट. ती प्रणाली आडव्या वेगाशी निगडित असलेले एक मूल्य ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवत असे. त्या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. एरियान-४ च्या मार्गावर मूल्य तिथवर पोहोचत नसे; एरियान-५ चा आडवा वेग मात्र पाचपट जलद वाढत होता. मर्यादा ओलांडली गेली आणि प्रोसेसरने ‘ऑपरंड एरर’ हे एक्सेप्शन उठवले.

आता इथे थांबून पाहा. या क्षणापर्यंत उड्डाणाचे काहीही बिघडलेले नव्हते. तो आकडा ज्या कामासाठी काढला जात होता, ते काम जमिनीवरील जुळवणीचे होते. एरियान-५ आकाशात गेल्यावर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. एरियान-४ च्या गरजेपोटी ते उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवलेले होते, आणि प्रणालीबरोबर तसेच वारशाने आले.

घात केला तो पुढच्या हुकमाने. एक्सेप्शन आले की नोंद करा, बिघाड जाहीर करा, प्रोसेसर बंद करा. राखीव यंत्र त्याच कारणाने ७२ मिलिसेकंदांच्या आधीच्याच आवर्तनात बंद पडले होते. मुख्य यंत्राने जाताजाता पाठवलेला निदानाचा बिटक्रम मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि नॉझल पूर्ण वळवली.

असा हुकूम का लिहिला गेला? कारण लिहिणाऱ्यांच्या मनात बिघाड म्हणजे यंत्रातील आकस्मिक बिघाड, एखादा भाग निकामी होणे. त्यासाठी ‘हे बंद करा, दुसरे घ्या’ हे उत्तर चोख आहे. पण चूक प्रणालीत असेल, तर जुळ्या भावाला तोच प्रश्न विचारून वेगळे उत्तर कसे मिळणार?

याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. धोक्याची अशी सात मूल्ये ओळखलेली होती. प्रोसेसरवरील भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून चारांनाच संरक्षण दिले गेले. उरलेली तीन मर्यादेत राहतील, हा विचार करून घेतलेला निर्णय होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा चटका लावते ती पुढची गोष्ट: या निर्णयाची कारणमीमांसा प्रोग्रामच्या मजकुरात नव्हती. ती कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात होती, म्हणजे व्यवहारतः दिसेनाशी झाली होती. हुकूम टिकला, त्यामागचे गृहीतक हरवले. जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही.

याच्या अगदी उलट परंपरा त्याआधीच प्रमाण झाली होती. विल्यम काहान यांच्या पुढाकाराने घडलेल्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाने पाच एक्सेप्शने ठरवली, आणि मूळ धोरण ठेवले ते न थांबण्याचे. शून्याने भागले तर अनंत, अर्थहीन क्रिया असेल तर ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’; शिवाय एक निशाण उभारायचे आणि पुढे जायचे. (गंमत अशी की लिनक्सच्या नेहमीच्या संगणकावर पूर्णांकाला शून्याने भागले की प्रोग्राम ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणत कोसळतो, खरा फ्लोटिंग पॉइंट भागाकार मात्र मुकाट्याने अनंत देतो.) आकडा कशासाठी हवा आहे हे प्रोसेसरला ठाऊक नसते, मग शिक्षा त्याने का ठरवावी? काहान यांनी पुढे याच अपघाताचा दाखला देऊन थांबण्याच्या धोरणावर टीका केली.

मी त्यांच्या बाजूचा आहे, पण पूर्णपणे नाही. निशाण कोणी पाहिलेच नाही, तर ‘नॅन’ एका गणितातून दुसऱ्यात निमूट झिरपत जातो. शिवाय १६ बिटांच्या पूर्णांकात ‘मला माहीत नाही’ म्हणायला जागाच नसते. तिथला प्रत्येक बिटक्रम कुठला तरी आकडाच असतो. म्हणून अशा रूपांतरापाशी माणसानेच उत्तर आधी लिहून ठेवावे लागते. इथे ३२,७६७ वर अडवून धरणे पुरेसे झाले असते.

जाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने जुलै १९९६ मधील अहवालात दोन गोष्टी स्पष्ट सुचवल्या: उड्डाण होताच जुळवणीचे काम बंद करा, आणि कोणत्याही संवेदकाला शक्य तितकी चांगली माहिती पाठवणे थांबवू देऊ नका. क्लस्टरचे नवे चार उपग्रह २००० साली बायकोनूरहून दोन सोयुझ अग्निबाणांनी गेले.